पासचा पास

(प्रवासाबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना या पानावर भुसावळच्या एक निवृत्त भूगोल-शिक्षिका उत्तरं देतात.)

आखाजीचा झोका उतरला की माझ्याकडे बर्फाची पत्रं यायला लागतात. यंदा जरा जास्तच आली. साहजिक आहे. दुपारी पारा ४४-४५ला टेकला, नळाचं पाणी भांडी घासायलाही पोळायला लागलं, की माणसाला कुठेतरी पांढरंशुभ्र काही पाहावंसं वाटणारच.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यातली पहिली कित्येक वर्षं हिमालय मी फक्त भिंतीवरच्या नकाशात छडी लावून दाखवला. यजमान रेल्वेत गार्ड होते. भुसावळात ‘पास’ म्हटलं की रेल्वेचा फुकट प्रवासाचा पास, दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येत नाही. १९९४च्या मे महिन्यात त्याच पासावर आम्ही झेलम एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरलो आणि पुढे बसने मनालीला गेलो. निघताना शेजारच्या काकूंना सांगितलं, “रोहतांग पासला चाललोय.” त्या म्हणाल्या, “तिथलाही पास मिळतो का गं तुम्हाला?” तेव्हा आम्ही हसलो होतो, कारण तिथला पास म्हणजे खिंड, मनालीच्या वरची. आता तिथे परवान्याचा पास खरोखरच काढावा लागतो, त्याचं उत्तर खाली आहेच.

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण मनालीला चाललो आहोत. मी, बायको, ११ आणि ७ वर्षांची दोन मुलं आणि आई. आईचं वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिने बर्फ फक्त रसवंतीवर पाहिला आहे. मनालीत दोनच मुक्काम आहेत. पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी रोहतांग ‘करून टाका’, असं टूरवाला म्हणतो. आईला न्यावं का? आणि इतकं करून बर्फ मिळेल का?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : जिभाऊ, आधी बर्फाचं सांगते, कारण खरी काळजी तुम्हाला त्याचीच दिसते.

मिळेल. पण मोबाइलवर दिसतो तसा नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच पांढऱ्या भिंती असतात ते फोटो रस्ता नुकताच उघडल्यावरचे. हिवाळाभर साचलेला बर्फ सीमा सडक संघटनेची माणसं यंत्रांनी कापून वाट काढतात आणि साधारण मे महिन्यात खिंड पर्यटकांना खुली होते. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या भिंती खचलेल्या असतात. रस्त्यालगतचा बर्फ डिझेलच्या धुराने आणि धुळीने काळपट झालेला असतो, लग्नाच्या मांडवाखाली दुसऱ्या दिवशी उरलेल्या लादीसारखा. पांढरा बर्फ हवा तर शंभर-दोनशे पावलं आत, सावलीच्या उताराला जावं लागतं. जून संपता संपता तोही ठिगळाठिगळांनीच उरतो.

एवढ्या उन्हात तो टिकतो कसा, हे मुलं विचारतील. त्यांना सांगा की स्वच्छ बर्फ आपल्यावर पडलेलं बहुतेक ऊन परत फेकतो. आणि उरलेल्या उन्हालाही तो सहजी दाद देत नाही. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी थेट ८० अंशांपर्यंत तापलं असतं. नववीला हे शिकवताना वर्ग जांभया द्यायचा. रोहतांगच्या उन्हात उभं राहून सांगितलं असतं तर एकानेही दिली नसती.

आता आईंचं. मनाली साधारण २०५० मीटरवर आहे, रोहतांग ३९७८ मीटरवर. अंतर ५१ किलोमीटर. म्हणजे सकाळचा चहा पिऊन निघालात की दुपारच्या आत तुम्ही जवळजवळ दोन हजार मीटर वर. आपला अमळनेर-भुसावळचा माणूस समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास जन्म काढतो. रोहतांगवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या जरा वर असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. तरण्याबांड माणसाला तिथे बर्फाचे गोळे मारताना धाप लागते. म्हणून निघण्याआधी आईंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, फोनवर विचारू नका. हृदयाचा त्रास, दमा किंवा रक्त फार कमी असेल तर नेऊच नका. डॉक्टर हो म्हणाले तर गोळी एक दिवसही चुकवू नका, मनालीतला पहिला दिवस नुसता फिरण्यात घालवा आणि दोनाचे तीन मुक्काम करा. ‘करून टाका’ हा शब्द मला आवडत नाही. रोहतांग म्हणजे दाढ काढणं नव्हे.

वर गेल्यावर डोकं जड होणं, भूक मरणं इतपत चालतं. पण डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या सुरू झाल्या, बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर तिथे थांबून आराम करायचा नाही, लगेच खाली उतरायचं. आई म्हणतीलच, “माले काही व्हत नही.” आपल्याकडच्या आया तापातही हेच म्हणतात. त्यांच्या बोलण्याकडे नको, चालीकडे लक्ष ठेवा.

आणखी एक, तो आमच्या घरचा प्रसंग आहे म्हणून जरा लांबण लागेल. १९९४ला खिंडीवर एक पोरगा काळे गॉगल विकत होता. मी घेतला. यजमान म्हणाले, “मी काय सिनेमात काम करायला आलोय?” दोन तास उघड्या डोळ्यांनी बर्फ पाहिला, फोटो काढले. संध्याकाळपर्यंत काहीच नाही. रात्री दहाला डोळे चोळायला लागले. मिरची कांडताना भुकटी उडावी तशी आग, पाणी थांबेना, दिवा सहन होईना. मला वाटलं, नजर गेली. सकाळी डॉक्टर म्हणाले, उन्हाने डोळे भाजलेत. उंचावर सूर्याचे अतिनील किरण मुळात जास्त असतात आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही, टोपी घालून उपयोग नाही. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून वर असताना कळत नाही. दीड दिवस ते खोलीचे पडदे ओढून डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडले होते, तेव्हा बरं वाटलं. मनाली त्यांनी पाहिलीच नाही. मुलांना गॉगल आधी घ्या, बर्फाचे बूट नंतर.

आता मला खरं जे सांगायचंय ते. वर जाऊन तिथूनच परत फिरू नका.

त्या वेळी आम्ही तेच केलं होतं. बसवाल्याने तासभर दिला. बर्फावर बसलो, घसरलो, चहा प्यालो. पहिल्या वीस मिनिटांनंतर, खरं सांगते, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पलीकडच्या उतारावरून मालट्रक खाली खाली जाताना दिसत होते. कंडक्टरला विचारलं, हा रस्ता कुठे जातो? तो म्हणाला, “लाहौल.” वर्गात तो शब्द मी कितीदा उच्चारला असेल, आणि तो प्रदेश समोर खाली पसरलेला असताना मी पाठ फिरवून बसमध्ये चढले. खिंड ही ओलांडायची गोष्ट आहे. उंबऱ्यावर बसून फोटो काढायचा आणि घरात न डोकावता परत जायचं, असं आपण कुणाच्या दारी करतो का?

पलीकडे उतरले ती २०२२ला, मुलीबरोबर. मनालीकडची बाजू सगळी देवदार, ओल, धुकं. माथा ओलांडून दोन-चार वळणं घेतली आणि हिरवळच संपली. तपकिरी, उघडेबोडके, भेगाळलेले डोंगर. मुलगी म्हणाली, “आई, हा तर मे महिन्यातला सातपुडाच, फक्त कुणीतरी उंच करून ठेवलाय.” पावसाळी ढग पीर पंजालच्या, म्हणजे खिंडीच्या डोंगररांगेच्या, या बाजूलाच रिकामे होतात, पलीकडे फारसं काही पोचत नाही. तिथली शेती बर्फाच्या पाण्यावर चालते. वितळलेलं पाणी डोंगराच्या कडेने चर खणून वळवून आणतात, त्याला तिकडे कूल्ह म्हणतात, आणि गावकरी ते पाळीपाळीने घेतात. वाटाण्याच्या आणि बटाट्याच्या हिरव्या पट्ट्या त्या तपकिरीत उठून दिसतात. पांझरेच्या काठची, पाणी वाटून घेऊन केलेली फडाची शेती ज्याने पाहिली आहे, त्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मनालीत मी पाहुणी होते. पलीकडच्या कोकसर गावात एक बाई फावड्याने चराचं तोंड बंद करून पाणी शेजारच्या शेताकडे वळवत होती, तिला पाहून मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

आणि हे तुमच्या आईंच्याही सोयीचं आहे. माथ्यावर अर्धा तास थांबायचं, त्यांनी बर्फ हातात घ्यायचा, मुलांनी एकमेकांना मारायचा आणि पलीकडे ग्राम्फू, कोकसर असं तीन हजार शंभर मीटरच्या आसपास उतरून जायचं. उतरलं की श्वास आपोआप सुधारतो. परतताना सिस्सू गावावरून, डोंगराखालच्या अटल बोगद्यातून यायचं. ३ ऑक्टोबर २०२०ला तो सुरू झाला, लांबी ९ किलोमीटरच्या जरा वर. त्याआधी हिवाळ्यात खिंड बंद झाली की लाहौलच्या लोकांचा रस्ता महिनोन् महिने तुटायचा. रोहतांग या नावाचा अर्थच ‘प्रेतांचा ढीग’ असा सांगतात, पूर्वी वादळात सापडून तिथे किती माणसं गेली त्यावरून. जुने लोक दुपारचा वारा सुटायच्या आत खिंड ओलांडायचे. तुम्हीही पहाटे चार-पाचला निघा, वाऱ्यासाठी आणि गाड्यांच्या रांगेसाठी. कन्नड घाटात अडकलेल्या माणसाला रांग म्हणजे काय हे सांगायला नको.

गाडीवाला पलीकडून यायला कुरकुर करेल, थोडे जास्त मागेल. आदल्या संध्याकाळीच ठरवून घ्या आणि पलीकडचा रस्ता उघडा आहे ना, हेही विचारून ठेवा. डॉक्टरांनी आईंना नको म्हटलं, तर तुम्ही वरून जा आणि त्यांना दुसऱ्या दिवशी बोगद्यातून सिस्सूला घेऊन जा. त्याला परवाना लागत नाही. समोर बर्फाची शिखरं आणि पडणारा धबधबा, खाली चंद्रा नदी. हातात बर्फ येणार नाही एवढंच.

आई नऊवारी नेसत असतील तर त्या दिवसापुरती सलवार घालायला लावा. ऐकणार नाहीत. मग लुगड्याच्या आत लोकरीची विजार आणि दोन जोड मोजे. भाड्याचे गमबूट वाटेत मिळतात, पण भाड्याच्या बुटात स्वतःचेच मोजे हवेत, हे मी अनुभवाने सांगते आणि जास्त तपशील देत नाही.

प्रश्न : स्वतःच्या डिझेल गाडीने जायचं आहे. रोहतांगचा परवाना कसा मिळतो? मंगळवारी मनालीत आहोत.
(एक वाचक, शिरपूर)

उत्तर : मंगळवारी नाही. त्या दिवशी रस्त्याच्या देखभालीसाठी खिंड पर्यटकांना बंद असते.

राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर रोज १२०० पर्यटक गाड्यांची मर्यादा आली, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. म्हणजे तुमच्या वाट्याचे परवाने पेट्रोलवाल्यांच्या निम्मेच आहेत. परवाना सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या काढता येतो, पण सुटीच्या दिवसांत कोटा झपाट्याने संपतो, म्हणून तारीख पक्की झाली की लगेच बसा. मी गेले तेव्हा गाडीमागे पाचशे रुपये आणि वर पन्नास रुपये गर्दीचा कर होता. वाटेत गुलाबा इथल्या नाक्यावर परवाना तपासतात. तिथे गयावया करून काही होत नाही, आमच्या पुढच्या गाडीने करून पाहिली.

गाडी तुम्हीच चालवणार असाल तर एवढंच विचारते, रात्री पावसात कधी घाट चढवलाय का? नसेल तर त्या एका दिवसापुरता तिथला चालक करा. त्याची हिवाळ्यानंतरची शंभरावी खेप असते, तुमची पहिली.

प्रश्न : विरळ हवेसाठी कापराची पुरचुंडी हुंगावी असं सगळे सांगतात. किती कापूर न्यावा?
(एक गृहिणी, धुळे)

उत्तर : आरतीपुरता. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हवेतला प्राणवायू काही वाढत नाही. हुंगून बरं वाटलं म्हणून माणूस वर जास्त वेळ थांबतो, धोका तो. डोंगरावरच्या त्रासाच्या गोळ्या असतात, पण त्या ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आवर्जून.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या तोरणमाळला बर्फ का पडत नाही? आणि झोजी ला, बारालाचा ला यातला ‘ला’ म्हणजे काय?
(एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : शाब्बास. मोठ्यांच्या पत्रांत हॉटेल आणि भाडं असतं, भूगोल तू विचारलास.

‘ला’ म्हणजे तिबेटी भाषेत खिंड. म्हणून ‘झोजी ला खिंड’ म्हणणं म्हणजे ‘खिंड खिंड’ म्हणणं. हिमाचलात खिंडीला जोतही म्हणतात. झोजी ला ३५२८ मीटरवर आहे, बारालाचा ला जवळजवळ ४९०० मीटरवर.

आता तोरणमाळ. वर जावं तसं दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर, म्हणजे शहाद्यापेक्षा सहाएक अंश थंड. हिवाळ्यात सातपुड्यातल्या डाबसारख्या गावांत पहाटे गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्या तू वाचल्या असशील. पण दव गोठणं वेगळं आणि आकाशातून बर्फ पडणं वेगळं. त्यासाठी ढग आणि कडाक्याची थंडी एकाच वेळी हवीत. हिमालयाला हिवाळ्यात हे ढग पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर मिळतात. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा आकाश स्वच्छ असतं, आणि ढग येतात तेव्हा थंडी पळते.

एक गणित देते. जळगाव २०० मीटरवर आणि ४४ अंश. वरच्या नियमाने रोहतांगवर किती? उत्तर १९च्या आसपास येईल. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी असतं. का, ते नकाशात दोन्ही ठिकाणांचे अक्षांश पाहून मला लिही.

आणि हेही नकाशात बोटाने शोध. खिंडीवर व्यासकुंड नावाचा झरा आहे, तिथे बियास नदीचा उगम मानतात. त्या बाजूचा बर्फ वितळला की बियास, पुढे सतलज. पलीकडच्या उताराचा बर्फ वितळला की चंद्रा. तांदीला तिला भागा मिळते, मग ती चिनाब. एकाच माथ्यावर शेजारी शेजारी पडलेला बर्फ दोन दिशांना जातो. ही दोन पाणी पुन्हा कुठे भेटतात? पाकिस्तानातल्या पंजनदपर्यंत बोट ने.

प्रश्न : खायला काय न्यावं? बर्फाच्या ठिकाणी काही मिळतं का?
(एक वाचक, यावल)

उत्तर : माथ्याच्या अलीकडे मढीला टपऱ्या आहेत (आपली कानिफनाथांची मढी नव्हे). चहा, मॅगी, आम्लेट, राजमा-भात मिळतो. स्वच्छतागृहाचं कामही तिथेच उरका, विशेषतः बायकांनी, वर पंचाईत होते. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. तिथला चहा उकळत असतो पण तोंड भाजत नाही, ते याचमुळे.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ न्या. शेवेचं पाकीट नेलंत तर वर ते टम्म फुगलेलं दिसेल. खराब झालेलं नसतं, बाहेरचा दाब कमी झालेला असतो. आमच्या बसमधल्या एका मावशींनी तसलं पाकीट घाबरून फेकून दिलं होतं, भुसावळची तिखट शेव, अर्धा किलो. मला अजून हळहळ वाटते.

प्रश्न : घरची केळी आहेत. मुलांसाठी दोन फण्या नेल्या तर?
(एक शेतकरी, रावेर)

उत्तर : भाऊ, तुम्ही मला विचारताय? १३ अंशांच्या खाली केळ्याचं काय होतं हे रायपनिंग चेंबरवाल्यांना तुम्हीच सांगता. आम्ही १९९४ला रावेरचीच नेली होती. एक रात्र मनालीच्या खिडकीत राहिली आणि सकाळी साल काळीठिक्कर. आत गोड होती, पण तिथल्या पोराने हात लावला नाही. न्या, पण अंबाल्यापर्यंत संपवा.